दुखवून घेतल्यावर बरं कसं वाटतं?

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला. अभ्यासात बरी, स्वभावाने शांत. ऐन उन्हाळ्यातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची, ते मला खटकायचं. पण हल्लीच्या मुलींची आवड म्हणून मी सोडून दिलं. मध्यंतरी तिच्या हातावरच्या खुणा दिसल्या. खोदून विचारल्यावर, आपणच आपल्याला इजा करून घेते, असं तिने कबूल केलं. मी रडले, तिचे बाबा ओरडले, सासूबाईंनी देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. तिने शपथ घेतली आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. ‘का करतेस असं?’ विचारलं तर म्हणाली, ‘बरं वाटतं.’ दुखवून घेतल्यावर कुणाला बरं कसं वाटेल? मला हे खरोखरच कळत नाही. ती आम्हाला घाबरवते आहे का? आमचं काही चुकलं का? ती यातून बाहेर येईल ना? – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारून गेलात. दुखवून घेतल्यावर बरं कसं वाटेल? पुष्कळ घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही. ‘थांबव’ एवढंच मुलांच्या कानावर पडतं. पण बरं का वाटतं हे समजल्याशिवाय ते थांबवायचं कसं हेही समजत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पहिली गोष्ट, तुमच्या लेकीने तुम्हाला खरं उत्तर दिलं आहे. ते ऐकायला भयंकर वाटलं तरी त्यावर विश्वास ठेवा.

‘बरं वाटतं’ म्हणजे नेमकं काय होतं?

अपमान, भीती, एकटेपणा, स्वतःबद्दलचा संताप, यांपैकी एखादी भावना सोसण्यापलीकडे गेली की ती शरीरातही शिरते. छातीवर दडपण येतं, कान तापतात, डोक्यात एकच विचार गरगरत राहतो. काही मुलांच्या भावना उपजतच लवकर उसळतात, जोरात उसळतात आणि खाली यायला वेळ घेतात. अशा क्षणी शरीराला इजा झाली की मेंदूला सगळं लक्ष तिकडे द्यावं लागतं. मग वेदना ओसरू लागते आणि तिच्याबरोबर मनावरचा ताणही काही मिनिटांपुरता उतरतो. वेदना थांबल्यावर होणारी ही सुटकेची भावना प्रयोगांमध्ये कधीच स्वतःला इजा न केलेल्या माणसांतही दिसली आहे. तुमची मुलगी जगावेगळी नाही. माणसाच्या मज्जासंस्थेत मुळात असलेली एक गोष्ट तिला चुकीच्या वेळी, चुकीच्या रीतीने सापडली आहे.

ही सुटका मात्र उसनी असते. थोड्याच वेळात लाज येते. ‘मी किती वाईट आहे’ असं वाटू लागतं. लपवाछपवी सुरू होते, खोटं बोलावं लागतं, आणि ज्या दुःखामुळे हे सगळं झालं ते होतं तिथेच असतं. पुढच्या वेळी मन उसळलं की मेंदूला तीच ओळखीची वाट आठवते. म्हणून आज ज्याने बरं वाटतं, त्यानेच उद्याचा दिवस अधिक कठीण होतो. मुलांना हे उमगतं तेव्हा ती स्वतःच बाहेर पडायची वाट शोधू लागतात.

सगळ्यांची कारणं एकसारखी नसतात. कुणाला आतून इतकं बधिर वाटत असतं की काहीतरी जाणवावं म्हणून तो हे करतो. कुणाला आपण शिक्षेलाच पात्र आहोत असं वाटत असतं. कुणाला आपलं दुखणं शब्दांत सांगता येत नाही. तरी अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा वर येणारं मुख्य कारण असह्य भावनेपासून सुटका हेच आहे. सुरुवात बहुतेक वेळा १२ ते १४ या वयात होते. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१४ साली जो अंदाज मांडला गेला, त्यात जवळजवळ १७ टक्के किशोरवयीनांनी कधी ना कधी असं केल्याचं आढळलं. हे फक्त मुलींमध्येच होतं असंही नाही. मुलगा असेल तर ‘रागाच्या भरात लागलं’ म्हणून घरचे विषय संपवतात आणि त्याचं दुखणं कुणाच्या नजरेसच येत नाही.

ती आम्हाला घाबरवते आहे का?

नाही. जी मुलगी उन्हाळाभर पूर्ण बाह्यांत वावरली, तिची सगळी धडपड तुम्हाला कळू नये यासाठीच होती. बहुतेक मुलं हे लपवतातच. क्वचित एखादं मूल कुणाला तरी दिसावं म्हणून करतं. पण माझं दुखणं बघा, हे सांगायला ज्याला दुसरा मार्ग उरला नाही, त्याची हाक खरीच असते. तेव्हा ‘नाटकं’, ‘नखरे’, ‘लक्ष वेधून घ्यायची सवय’ हे शब्द घरातून आजच हद्दपार करा.

हा आत्महत्येचा प्रयत्न असतो का?

अनेकदा नसतो. जगणं संपवावं असा हेतू नसताना, आत्ताचा हा क्षण निभावून न्यायचा म्हणून पुष्कळ मुलं हे करतात. तरीही निर्धास्त राहू नका. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, आणि एकाच मुलाच्या मनात आज एक हेतू तर उद्या दुसरा असू शकतो. म्हणून विचारायचं, आणि स्पष्ट विचारायचं : ‘जगूच नये असं तुला कधी वाटतं का गं?’

‘विचारलं तर नको ते डोक्यात शिरेल’ ही भीती जवळपास प्रत्येक आईबाबांना वाटते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात मॅडलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांपैकी काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, काहींना विचारले नाहीत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, प्रश्न विचारल्यामुळे मुलांचा त्रास किंवा तसे विचार वाढल्याचं दिसलं नाही. उलट जी मुलं आधीच खचलेली होती, त्यांना विचारल्याने थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. आपण विचारलं की मुलाला एवढं कळतं, की या घरात हे बोलता येतं.

ती ‘हो’ म्हणाली, किंवा तिच्या मनात काही ठरलेलं आहे असं जाणवलं, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातली औषधं आणि धोकादायक ठरू शकतील अशा वस्तू कुलपात ठेवा. शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधंही. हे गाजावाजा न करता करा. तिच्यावर पाळत ठेवली आहे असं तिला वाटता कामा नये.

शपथ का टिकली नाही?

सासूबाईंनी शपथ घातली ती मायेपोटी. पण त्या मुलीच्या बाजूने पाहा. असह्य क्षण निभावायची तिच्याकडे एकच रीत होती. ती वाईट होती, पण एकच होती. आपण ती काढून घेतली आणि बदल्यात हातात काहीच दिलं नाही. पुढचा असह्य क्षण ठरल्याप्रमाणे आला. मग आधीच्या दुःखात ‘मी देवाची शपथ मोडली, आजीला फसवलं’ या अपराधाची भर पडली. वचन मोडल्याचं ती कुणाला सांगणार? पुढच्या वेळी ती अधिक चांगलं लपवते, एवढंच होतं.

ताई, या सगळ्या उत्तरात तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल : दुसरं काही करता यायला लागतं तेव्हाच हे सुटतं. ते दुसरं काही शिकता येतं, शिकवता येतं, आणि त्याची पद्धत आज उपलब्ध आहे.

ही पद्धत जिने घडवली तिची गोष्ट

मार्शा लिनेहान ही अमेरिकेतल्या टल्सा गावची मुलगी. सतरा वर्षांची असताना, १९६१ साली, तिला कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. ती वारंवार स्वतःला इजा करून घेत होती. त्या काळच्या समजुतीनुसार तिच्यावर जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं. जबर औषधं, विजेचे झटके, एकटीला खोलीत बंद ठेवणं. दोन वर्षांहून अधिक काळ तिथे काढून ती बाहेर पडली, तेव्हाही त्रास संपलेला नव्हता. पुढे नोकरी करत ती शिकली, १९७१ साली शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि नंतर सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाली. काम निवडलं ते अशाच रुग्णांचं, ज्यांच्यापुढे इतर डॉक्टर हात टेकत.

सुरुवातीला लिनेहानबाईंनी ‘हे बदला, ते बदला’ या धाटणीचे उपचार करून पाहिले. रुग्ण चिडत. आमचं दुखणं तुम्हाला कळलंच नाही, असं त्यांना वाटे. मग नुसतं समजून घेऊन पाहिलं. त्यावर रुग्ण म्हणत, म्हणजे आम्ही आयुष्यभर असंच जगायचं का? त्यातून त्यांनी दोन्ही एकत्र आणलं : तू जशी आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलावंही लागेल. स्वीकाराची बाजू शिकायला त्या झेन साधनेकडे वळल्या. या उपचाराचं नाव ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’, डॉक्टर मंडळी त्याला डीबीटी म्हणतात. त्याची पहिली शास्त्रीय चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हाचे रुग्ण प्रौढ होते. नंतर अ‍ॅलेक मिलर आणि जिल रॅथस यांनी किशोरवयीनांसाठी ही पद्धत बेतून घेतली आणि त्यात आईवडिलांनाही शिकायला बसवलं.

लिनेहानबाईंनी स्वतःचा भूतकाळ मात्र कितीतरी वर्षं सांगितला नव्हता. त्यांच्या हातांवर जुन्या खुणा होत्या. रुग्णांना त्या दिसत, आणि ‘तुम्हीही आमच्यातल्याच का?’ असा प्रश्न येई. तसं कळलं तर आम्हाला केवढी आशा वाटेल, हे एका रुग्ण बाईने बोलून दाखवलं, ते त्यांच्या मनात राहिलं. २०११ साली, जिथे त्या सतराव्या वर्षी दाखल होत्या त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात जाऊन, डॉक्टर आणि आप्तेष्टांच्या भरल्या सभागृहात त्यांनी आपली कहाणी जाहीरपणे सांगितली. त्या वेळी त्या साठी ओलांडलेल्या, जगभर मान असलेल्या प्राध्यापक होत्या.

उपचारात होतं तरी काय?

समजा, तुमच्या मुलीच्या हातून मंगळवारी रात्री पुन्हा तेच झालं. गुरुवारी ती समुपदेशकांसमोर बसते. तिला कुणी ‘पुन्हा का केलंस?’ म्हणून फैलावर घेत नाही. दोघं मिळून मंगळवारचा दिवस उलगडतात. सकाळी घाईत न खाताच शाळेत गेली. दुपारी क्लासच्या ग्रुपवर चाचणीचे गुण सगळ्यांसमोर पडले. संध्याकाळी घरी कुणीतरी आतेभावाचे गुण काढले. ती गप्प राहिली. जेवताना ‘तोंड का पाडून बसलीस?’ असं कुणी विचारलं. ताट तसंच ठेवून ती उठली. खोलीचं दार लागलं. मैत्रिणीला केलेला मेसेज बघूनही उत्तर आलं नाही. ‘मी कुणालाच नको आहे’ हा विचार आला, आणि पुढे ती गोष्ट घडली.

बाहेरून सगळं एका झटक्यात घडल्यासारखं दिसतं. पण उलगडून पाहिलं की त्यात आठ-दहा टप्पे सापडतात, आणि प्रत्येक टप्प्यावर काहीतरी वेगळं करायला जागा असते. सकाळी खाऊन निघणं. ग्रुप काही तास बंद ठेवणं. आतेभावाचा विषय निघाला तेव्हा ‘मला आत्ता तुलना नकोय’ एवढं म्हणता येणं. दार लावण्याआधी आईला नुसतं ‘आज फार वाईट दिवस आहे’ सांगणं. पुढच्या मंगळवारी यातलं एक जरी जमलं तरी रात्र वेगळी जाऊ शकते.

या उपचारात चार प्रकारची कौशल्यं शिकवतात. आपल्या मनात आत्ता काय चाललंय हे न घाबरता बघणं, असह्य क्षण परिस्थिती आणखी न बिघडवता पार करणं, रोजच्या जगण्यात भावना आवाक्यात ठेवणं, आणि आपल्याला हवं-नको ते नातं न तोडता सांगणं. किशोरवयीनांसाठी पाचवी एक गोष्ट असते, आईवडील आणि मुलं दोघांनीही टोकाची भूमिका सोडून मध्यावर यायला शिकणं. आठवड्याला एकदा समुपदेशकांची भेट, एकदा कौशल्यांचा वर्ग, आणि मध्येच कठीण वेळ आली तर फोनवर मदत, अशी साधारण रचना असते. नॉर्वेत ऑस्लोला ७७ मुलामुलींवर १९ आठवड्यांच्या अशा उपचाराची चाचणी झाली. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या मुलांमध्ये स्वतःला इजा करण्याचं प्रमाण अधिक घटलं होतं.

गोळीने हे थांबेल का, असंही पालक विचारतात. स्वतःला इजा करणं थांबवणारी अशी खास गोळी नाही. पण सोबत नैराश्य किंवा तीव्र चिंता असेल तर मनोविकारतज्ज्ञ औषध देतात, ते मनाने बंद करू नये.

डीबीटीचं पूर्ण प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ प्रत्येक गावात मिळणार नाहीत. म्हणून थांबून राहू नका. तुमचे नेहमीचे डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालयातला किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला मनोविकार विभाग, यांपैकी कुठूनही सुरुवात करता येते. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री क्लिनिक’ चालतात, तिथेही विचारा. तज्ज्ञ निवडताना एक बघा : ते मुलीशी एकटीशी बोलायला वेळ देतात का, आणि तिला न रागावता ऐकतात का.

आमचं काही चुकलं का?

लिनेहानबाईंची मांडणी इथे उपयोगी पडते. उपजत हळवं मन आणि त्या मनाला वारंवार ‘तुला वाटतंय ते खरं नाही’ असं सांगणारं वातावरण, या दोन्हींच्या घर्षणातून हा त्रास वाढतो. असं वातावरण फक्त वाईट घरांत असतं असं नाही. ‘एवढ्याशा गोष्टीवरून काय रडतेस?’, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’, ‘तुला कशाची कमी आहे?’ ही वाक्यं प्रेमळ घरांतही रोज उच्चारली जातात. कणखर मुलाला ती लागत नाहीत, हळव्या मुलाला लागतात. शाळेतली चिडवाचिडवी, गुणांचा ताण, घरातलं आजारपण किंवा भांडण यांचाही वाटा असतो. काही वेळा मागे लैंगिक अत्याचाराचं ओझं असतं, म्हणून मूल काही सांगू पाहत असेल तर ते मध्येच तोडू नका. स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मुलीचं काही भलं होणार नाही. आजपासून काय वेगळं करता येईल ते मात्र बघा.

आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. समोरासमोर नको, शेजारी बसा. भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना बोलणं सोपं जातं. म्हणा, ‘तुला इतकं असह्य होत होतं हे मला माहीत नव्हतं. मी रागावलेली नाही. तू सांगशील तेवढं मी ऐकेन, आणि आपण दोघी मिळून कुणाची तरी मदत घेऊ.’ मग गप्प राहा. ती लगेच बोलणार नाही, तरी चालेल. जखम असेल तर शांतपणे स्वच्छ करून द्या, खोल असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या. त्या वेळी उलटतपासणी नको. रोज बाह्या वर करून हात तपासू नका. नातेवाइकांत चर्चा करू नका. तिच्या बाबांना सांगा की त्यांचं ओरडणं भीतीतून आलं होतं, हे त्यांनीच तिला सांगावं. बापाने ‘मी घाबरलो होतो’ म्हटलं की मुलं मोकळी होतात. आणि सासूबाईंनाही यात सामील करून घ्या. शपथेऐवजी त्यांनी रोज संध्याकाळी नातीला घेऊन देवळापर्यंत चालत जावं, वाटेत अभ्यासाचा विषय न काढता.

तिच्याबरोबर बसून, ती शांत असताना, एका कागदावर तिच्याच अक्षरात एवढं लिहून घ्या : मन बिघडायला लागल्याच्या माझ्या खुणा कोणत्या, तेव्हा मी काय करेन, कुणाला हाक मारेन, कोणत्या नंबरवर फोन करेन. इजा करून घ्यायची तीव्र इच्छा चढते, टोकाला जाते आणि ओसरते. तेवढा वेळ निघावा लागतो. चेहऱ्यावर थंड पाण्याचे हबके मारणं, सावकाश लांब श्वास सोडत राहणं, झपझप चालून येणं, उठून माणसांत येऊन बसणं, यातलं काय आपल्याला लागू पडतं हे ज्याचं त्याने शोधायचं असतं.

ती यातून बाहेर येईल ना?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात शाळकरी मुलांच्या एका मोठ्या गटाला संशोधक त्यांच्या तिशीपर्यंत भेटत राहिले. २०१२ साली त्यातून आलेले आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. किशोरवयात सुमारे ८ टक्के मुलांनी स्वतःला इजा करून घेतली होती. त्यांच्यापैकी जवळजवळ ९० टक्के जणांचं ते तरुणपणी थांबलेलं होतं. मात्र याच अभ्यासात हेही दिसलं की किशोरवयातलं नैराश्य आणि चिंता यांचा या वागण्याशी जवळचा संबंध होता. म्हणून ‘मोठी झाली की आपोआप सुटेल’ म्हणत बसणं बरोबर नाही. इजा करणं थांबतं, पण आतलं दुखणं उपचारांवाचून तसंच राहू शकतं.

बरं होण्याची वाट सरळ नसते. दोन महिने चांगले जातील आणि परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा घडेल. तेव्हा ‘सगळं मुसळ केरात’ असं म्हणू नका. ते दोन महिने वाया गेलेले नसतात, त्यात शिकलेलं तिच्याजवळ असतं. किती दिवस झाले एवढंच मोजू नका. ती आता आधी येऊन सांगते का, जेवते-झोपते का, मैत्रिणींत हसते का, हे बघा. खुणा पुसट व्हायला वेळ लागेल, काही राहतीलही. त्यांबद्दल कुणाला काय आणि किती सांगायचं हा अधिकार तिचा आहे.

प्रश्न : मी नववीच्या वर्गाची शिक्षिका आहे. वर्गातल्या एका मुलाबद्दल असं कळलं आहे. पोलिसांचं काही होईल का? सगळ्या वर्गाला एकत्र बसवून समज द्यावी का? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, स्वतःला इजा करून घेणं हा गुन्हा नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसालाही, तो तीव्र ताणाखाली होता असं मानून, शासनाने उपचार द्यावेत असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, आणि त्या प्रयत्नासाठी शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. तेव्हा त्या भीतीने मदत लांबवू नका. मात्र त्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे.

वर्गासमोर हा विषय त्या मुलाच्या निमित्ताने काढू नका. नाव घेतलं नाही तरी सगळ्यांना कळतं. शिवाय या वयात अशा गोष्टींचे तपशील एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात, म्हणून कोणी काय आणि कसं केलं याची चर्चा कुठेच होऊ देऊ नये. त्याला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन एवढंच म्हणा, ‘मला तुझी काळजी वाटते. वेळ असेल तेव्हा बोलूया.’ ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारेन की कसं सांगू’ असं म्हणा. पालकांना बोलावताना त्याने घरी मार खाऊ नये याची काळजी घ्या. पहिली भेट तुमच्यासमोर होऊ द्या. सगळ्या वर्गासाठी काही करायचंच असेल तर राग, अपमान, अपयश आल्यावर काय करता येतं आणि कुणाकडे जाता येतं, यावर वर्षभर तासिका घ्या.

प्रश्न : माझी मैत्रीण स्वतःला दुखवून घेते. तिने मला शपथ घातली आहे की कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर मैत्री तुटेल. मी काय करू? – वय १५

उत्तर : सांग. आजच सांग. तिने तुला सांगितलं, कारण तिला तुझा आधार वाटला. पण हे पंधरा वर्षांच्या एका मुलीने किंवा मुलाने एकट्याने पेलायचं ओझं नव्हे. तिच्याशी खरं बोल : ‘मी तुझ्यासाठी घाबरले आहे, आपण दोघी मिळून एका मोठ्या माणसाला सांगूया, मी तुझ्याबरोबर येते.’ कुणाला सांगायचं ते तिला निवडू दे. तिची आई, मावशी, एखाद्या बाई, जी न ओरडता ऐकेल अशी कोणीही. ती तयार झाली नाही तरी तू सांगायचंच. ती काही दिवस तुझ्यावर रागावेल. रागावलेली मैत्रीण तुला परत मिळू शकते. आणि ती ‘जगायचंच नाही’ असं म्हणत असेल तर एक मिनिटही न थांबता जवळच्या मोठ्या माणसाला गाठ.

हे वाचणाऱ्या मुलामुलींपैकी ज्यांचं स्वतःचं असंच काही चाललं असेल, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. तुझ्यात काही वाईट नाही. तुला जे सहन होत नव्हतं त्यावर तुला तेव्हा सुचलेला तो उपाय होता. त्याहून चांगले उपाय आहेत आणि ते तुला शिकता येतील. एका माणसाला सांगण्यापासून सुरुवात कर. ज्याला पहिल्यांदा सांगितलंस त्याला नीट कळलं नाही, तर दुसऱ्याला सांग. बोलायला जमत नसेल तर चिठ्ठी लिहून दे.

१४४१६ हा शासनाचा ‘टेलि-मानस’ क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. जिवाला धोका वाटत असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा. हे चार नंबर प्रत्येक घरात फ्रिजवर, आणि प्रत्येक शाळेत फळ्याशेजारी लावा, म्हणजे गरज पडेल तेव्हा कुणाला विचारत बसावं लागणार नाही.